पिल्लू आत पूर्ण तयार होतं, मग बाहेर का येत नाही?

प्रश्न: दादा, नमस्कार. कोंबडीची अंडी घरीच उबवायची म्हणून थर्माकोलच्या खोक्यात बल्ब आणि थर्मोस्टॅट बसवून इन्क्युबेटर बनवला. ओळखीतल्यांकडून दहा-बारा दिवस थोडी थोडी करत 24 अंडी जमवली आणि एकदम लावली. थर्मामीटर झाकणाला आतून टांगलाय, तो सतत 37.5 दाखवायचा. एका व्हिडिओत ऐकलं की ओलावा जितका जास्त तितकं कवच मऊ पडतं, म्हणून पहिल्या दिवसापासून ह्युमिडिटी 70 च्या वर ठेवली आणि ती टिकावी म्हणून भोकं पण टेप लावून बंद केली. सातव्या दिवशी बॅटरी मारून बघितलं तर 5 रिकामी, ती काढली. एकविसावा दिवस कोरडा गेला, बाविसाव्याला संध्याकाळी पहिलं पिल्लू, तेविसाव्यापर्यंत एकूण तीन. तिन्ही चिकट, थुलथुलीत, पोट फुगलेलं. एकाने चोच मारली आणि अडकलं, मला राहवेना म्हणून कवच सोललं तर रक्त आलं आणि ते गेलं. बाकी 15 अंडी तशीच पडलीयेत. नवरा म्हणतो टेम्परेचर वाढव, सासूबाई म्हणतात मध्ये विजा कडाडल्या त्यानेच अंडी मेली. नक्की काय चुकलं? आणि अंड्याच्या आकारावरून नर-मादी ओळखता येतं का, मला माद्याच हव्यात.
– एक हताश खुडूक

उत्तर:

ताई, आधी सांगा, ती 15 अंडी फेकली तर नाही ना? फेकली नसतील तर लगेच फोडा. हिंमत होत नाही हे समजू शकतो, पण काय चुकलं याचं उत्तर त्या अंड्यांच्या आतच आहे, बाहेरून मी कितीही अंदाज बांधले तरी ते उंटावरून शेळ्या हाकणंच होणार. बहुतेक लोक ही पायरी गाळतात, न फुटलेली अंडी कचऱ्यात टाकतात आणि पुढच्या वेळी काहीतरी वेगळंच बदलून बघतात, मग परत तोच रिझल्ट.

फोडायचं ते मोकळ्या हवेत, ग्लोव्ह्ज घालून. ज्या अंड्याला वास येतोय किंवा ज्याच्या कवचावर बारीक थेंब फुटलेत त्याला हात लावू नका, ते आतून सडून गॅस धरलेलं असतं आणि फाटकन फुटतं, आणि तो वास मग दोन दिवस हाताचा जात नाही. तसलं अंडं सरळ पिशवीत गुंडाळून पुरून टाका. बाकीची जाड टोकाकडून, म्हणजे जिथे हवेची पोकळी असते तिकडून चमच्याने हलकं टिचकवा आणि कवचाचा टोपीएवढा भाग काढा. आधी ती पोकळी केवढी आहे ते बघा. मग आतला पांढरा पापुद्रा बाजूला करा आणि पिल्लाचं डोकं कुठे आहे, चोच पापुद्र्याच्या पार गेलीय का, बलक पोटात ओढला गेलाय की अजून बाहेर लोंबतोय, आणि भोवती पाणी आहे की कोरडं आहे, हे बघा. प्रत्येक अंड्याचं एका ओळीत लिहून ठेवा.

पिल्लू नीट बसलेलं असेल तर डोकं जाड टोकाकडे असतं, उजव्या पंखाखाली खुपसलेलं, आणि चोच पोकळीच्या दिशेने. साधारण अठराव्या दिवशी ते ही पोझिशन घेतं, एकोणिसाव्यापासून बलकाची पिशवी पोटात ओढायला लागतं, विसाव्याच्या आसपास चोच पापुद्र्यातून पोकळीत घालून पहिला श्वास घेतं आणि मग कवच फोडतं. हे एवढं टाइमटेबल डोक्यात असलं की मेलेलं पिल्लू कुठल्या स्टेशनवर थांबलं ते लगेच कळतं. डोकं निमुळत्या टोकाकडे सापडलं तर अंडं उलटं, म्हणजे निमुळतं टोक वर करून ठेवलं गेलं असण्याची शक्यता मोठी. नुसतं रक्ताचं कडं दिसलं तर ते पहिल्याच काही दिवसांत गेलेलं. काळा डोळा असलेला इवलासा जीव दिसला तर पहिल्या आठवड्याच्या आसपास.

तुमच्या केसमध्ये मला काय सापडेल असं वाटतं ते सांगतो, चुकलं तर आनंदच आहे. पूर्ण वाढलेलं, अंगाने मोठं, ओलंगच्च पिल्लू, भोवती चिकट पाणी, आणि हवेची पोकळी एकदम छोटी. असं दिसलं तर त्या पिल्लांना श्वास घ्यायला जागाच उरली नव्हती. त्या व्हिडिओने तुमचा घात केला ताई. ओलाव्याने कवच मऊ वगैरे काही होत नाही, कॅल्शियमचं कवच आहे ते, पिल्लू ते ताकदीने फोडतं, मानेमागे त्याच कामासाठी एक खास स्नायू वाढलेला असतो आणि चोचीच्या टोकावर एक छोटा टणक काटा, जो नंतर गळून पडतो.

आता ओलाव्याची खरी भानगड काय आहे ते जरा सविस्तर लिहितो कारण इथेच सगळ्यांचं घोडं पेंड खातं. अंड्याच्या कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात, त्यातून ऑक्सिजन आत येतो आणि पाण्याची वाफ बाहेर जाते. पाणी जेवढं कमी होतं तेवढी जाड टोकाकडची हवेची पोकळी वाढते. ही पोकळी म्हणजेच पिल्लाची पहिली हवा, त्याच हवेवर ते कवचाला भोक पडेपर्यंत तग धरतं. म्हणून अंड्याने पाणी गमावणं गरजेचं असतं. सेट केल्यापासून अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन साधारण 11 ते 13 टक्के घटलं पाहिजे. तुम्ही 70 वर ओलावा ठेवून ते घटूच दिलं नाही. उलट बाजूने ओलावा फारच कमी राहिला तर पोकळी नको तेवढी मोठी होते, पिल्लू लहान राहतं आणि पापुद्रा सुकून त्याला चिकटतो, म्हणजे ते पण नको.

आकडे द्यायचे तर पहिले 18 दिवस 45 ते 55 टक्के आणि शेवटचे तीन दिवस 65 ते 70. पण खरं सांगू का, माझा त्या ओलावा मीटरच्या आकड्यावर फारसा विश्वास नाही, तो पाच-दहाने सहज चुकीचा दाखवतो. तुमचा मीटर खरा की खोटा ते घरीच तपासता येतं, बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ते ओल्या वाळूसारखं करा (विरघळवायचं नाही), मीटर आणि झाकण एका हवाबंद पिशवीत ठेवून रात्रभर सोडा. सकाळी मीटरने 75 दाखवलं पाहिजे. 68 दाखवत असेल तर तो 7 ने कमी दाखवतो, तेवढे मिळवून वाचायचे.

आणि याच्याही पुढे जाऊन वजनकाटा वापरा. मला विचाराल तर घरगुती उबवणीत सगळ्यात खात्रीचं यंत्र तेच. समजा पुढच्या वेळी 12 अंडी लावली (24 नकोच, एवढ्या साध्या खोक्यात कोपरे गार आणि मधला भाग गरम असतो) आणि त्यांचं एकूण वजन 600 ग्रॅम भरलं. 12 टक्के म्हणजे 72 ग्रॅम 18 दिवसांत जायला हवेत, दिवसाला 4, आठवड्याला 28. सातव्या दिवशी काट्यावर 572 च्या आसपास दिसलं की तुम्ही रस्त्यावर आहात. 585 दिसलं तर अंडी सुकतच नाहीयेत, पाणी कमी करा. 560 दिसलं तर जास्त सुकतायत, पाणी वाढवा. मधे रिकामी अंडी काढून टाकली तर मात्र हिशोब उरलेल्या अंड्यांचाच धरायचा, म्हणून सुरुवातीला प्रत्येक अंड्याचं वजन पेन्सिलने त्याच्यावरच लिहून ठेवा, पेन किंवा मार्कर नको. बॅटरी मारून बघाल तेव्हा पोकळीच्या कडेने पण पेन्सिलची रेघ ओढत जा, सातव्या, चौदाव्या, अठराव्या दिवशी अशा तीन रेघा एकाखाली एक दिसतात आणि अठराव्याला पोकळी अंड्याच्या साधारण पाव ते एक तृतीयांश एवढी झालेली असते. हवा मुळातच दमट असेल तर काही जण पहिले 18 दिवस पाणीच ठेवत नाहीत आणि त्यांची पिल्लं छान निघतात, त्यात चमत्कार काही नाही, त्यांचं वजन बरोबर घटतं एवढंच.

पाणी वाढवणं म्हणजे वाटी खोल करणं नव्हे हं. ओलावा पाण्याच्या खोलीवर नाही, पसरलेल्या पृष्ठभागावर ठरतो. वाढवायचा तर दुसरी उथळ थाळी ठेवा किंवा ओला स्पंज, कमी करायचा तर थाळी लहान करा.

टेम्परेचर. इथे तुमच्या मिस्टरांचं अर्धं बरोबर आहे. पिल्लं बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी निघाली, पोट मोठं आणि लिबलिबीत, ही लक्षणं अंडी गार राहिल्याची पण असतात. पण तुमचा थर्मामीटर तर 37.5 दाखवत होता, मग? तो टांगलाय झाकणाला. फॅन नसलेल्या खोक्यात गरम हवा वर जाऊन बसते, वर 37.5 असताना खाली अंड्यांपाशी एखाद डिग्री किंवा त्याहून जास्त कमी असणार. 37.5 हा आकडा फॅनवाल्या मशीनचा आहे, जिथे हवा फिरत असल्यामुळे सगळीकडे सारखंच टेम्परेचर असतं. बिनफॅनच्या खोक्यात थर्मामीटरचं टोक अंड्यांच्या वरच्या पातळीला आणायचं आणि तिथे 38.3 ते 38.9 ठेवायचं. त्यामुळे थर्मामीटर आहे तिथेच ठेवून नुसता नॉब फिरवू नका, आधी जागा बदला, मग सेटिंग. गार अंडी उशिरा का होईना निघतात, पण 40 च्या पुढे काही तास गेले की खेळ खलास, आणि तो अंदाजाने नॉब फिरवल्यानेच होतो.

माझं मत विचाराल तर कॉम्प्युटरमधला छोटा फॅन मिळवा आणि बसवून टाका, निम्मी डोकेदुखी तिथेच संपते. बल्ब एकाऐवजी दोन लहान लावा म्हणजे एक उडाला तरी दुसरा असतो, आणि बल्बला जाळी घाला, ओलं पिल्लू धडपडत सरळ बल्बपाशी जाऊन भाजतं. (बल्ब जुना फिलामेंटवाला हं, एलईडी लावून खोकं का तापत नाही म्हणून विचारणारे पण भेटतात.) वायर आणि पाण्याची थाळी एकमेकांपासून लांब. प्रोबवाला थर्मामीटर असेल तर तो आणि ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर एकाच कपातल्या कोमट पाण्यात बुडवून दोघांचं जमतंय का बघा, तापाचा थर्मामीटर नेमका याच रेंजमध्ये चांगला चालतो. आणि खोकं रिकामं, अंडी न ठेवता निदान एक पूर्ण दिवस-रात्र चालवून बघा, रात्री खोली गार पडल्यावर काय होतं ते तेव्हाच कळतं.

भोकांना टेप लावली ते मात्र चांगलंच महागात पडलं असणार. अंड्यातला जीव श्वास घेतो, पहिल्या आठवड्यात थोडा आणि शेवटच्या दिवसांत भरपूर. नेमकं ज्या वेळी त्यांना सगळ्यात जास्त हवा लागते त्या वेळी खोकं बंद. भोकं उघडी ठेवून ओलावा टिकत नसेल तर पाण्याचा पृष्ठभाग वाढवायचा, हवा तोडायची नाही.

आता ते रक्त आलेलं पिल्लू. ताई, मनाला लावून घेऊ नका, पण असं का झालं ते समजून घ्या म्हणजे पुढच्या वेळी हात आवरता येईल. पिल्लू कवचाला पहिला तडा देतं आणि मग थांबतं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं अडकलं, दमलं, मरतंय. प्रत्यक्षात आत दोन कामं चालू असतात, उरलेला बलक पोटात ओढला जात असतो आणि कवचाच्या आतल्या पापुद्र्यात पसरलेल्या रक्तवाहिन्यांमधलं रक्त पिल्लाच्या अंगात परत जात असतं. इतके दिवस ते त्याच वाहिन्यांमधून श्वास घेत होतं. याला 12 ते 24 तास सहज लागतात, आणि एवढ्या वेळात ते नुसतं अधूनमधून चिवचिवतं, झोपतं, परत चिवचिवतं. त्या वाहिन्या भरलेल्या असताना कवच सोललं की रक्तस्राव होणारच. सगळं आत गेलं की मग पिल्लू फिरायला लागतं, जाड टोकाभोवती गोल गोल चिरत जातं आणि पायाने ढकलून टोपी उडवतं, तो शेवटचा भाग पटकन होतो.

मग मदत कधीच करायची नाही का? करायची, पण तड्यापासून 24 तास पूर्ण उलटले, काहीच पुढे सरकलं नाही आणि पिल्लू अजून आवाज देतंय तरच. तेव्हाही फक्त तड्याभोवतीचा कवचाचा तुकडा काढा, खालच्या पापुद्र्याला कोमट पाण्यात बुडवलेला कानकोरणीचा कापूस टेकवा, ओला झाला की तो पारदर्शक होतो आणि लाल रेघा दिसतात का ते कळतं. दिसल्या की थांबा, अंडं परत आत ठेवा, काही तासांनी बघा. नाही दिसल्या तर थोडं पुढे जा. बाहेर पडायचं शेवटचं काम मात्र त्याचं त्यालाच करू द्या.

अठराव्या दिवसानंतर लॉकडाऊन, हा शब्द उबवणीवाले कोरोनाच्या आधीपासून वापरतायत. अंडी फिरवणं बंद, ओलावा वाढवायचा आणि झाकण उघडायचं नाही म्हणजे नाही. एक पिल्लू निघालं की माणसाला राहवत नाही, झाकण उघडून त्याला बाहेर काढावंसं वाटतं, आणि तेवढ्यात आतली दमट हवा भस्सकन बाहेर जाते, मग ज्याने नुकताच तडा दिलाय त्याचा पापुद्रा सुकून अंगाला आवळून बसतो. निघालेल्या पिल्लाला कसलीही घाई नसते, पोटात ओढलेल्या बलकावर ते दोन दिवस न खातापिता आरामात राहतं. पाणी घालायचं असेल तर भोकातून बारीक नळी थाळीत सोडा आणि कोमट पाणी सोडा.

ती 5 रिकामी अंडी, त्यात तुमच्या खोक्याचा दोष असेलच असं नाही. काही फळलेलीच नसतील, कळपात कोंबडा कमी किंवा म्हातारा असला की असं होतं. काही अगदी सुरुवातीला गेली असतील, बॅटरीच्या उजेडात ती पण रिकामीच वाटतात. दहा-बारा दिवस साठवण हे मात्र जास्त झालं. सात दिवसांपर्यंतची अंडी घ्या, त्यापुढे दर दिवशी पिल्लं निघायचं प्रमाण घसरत जातं आणि जी निघतात ती पण थोडी उशिरा निघतात, म्हणजे तुमच्या उशिरामागे हे पण एक कारण आहे. साठवताना निमुळतं टोक खाली, जागा गार पण फ्रिज नाही, 13 ते 18 डिग्री उत्तम. अंडी धुवायची नाहीत, कवचावरचा नैसर्गिक थर जातो आणि जंतूंना दार उघडं मिळतं, घाण असलेलं अंडं सरळ वगळा. आणि गार जागेतून काढून लगेच गरम खोक्यात ठेवू नका, घाम फुटतो, आधी काही तास खोलीत राहू द्या.

फिरवण्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही त्यामुळे ते करत असाल असं धरतो. दिवसातून किमान 3 वेळा, 5 झालं तर अजून चांगलं, एका बाजूला फुली आणि दुसऱ्या बाजूला गोल काढून. विषम आकडा यासाठी की रात्रीचा लांबलचक वेळ रोज एकाच कुशीवर जात नाही. नाही फिरवलं तर गर्भ पापुद्र्याला चिकटतो, पहिल्या आठवड्यात तर अजिबात चुकवू नका.

सासूबाईंना सांगा, विजेच्या आवाजाने अंडी मरत नाहीत. पण विजा कडाडतात तेव्हा लाइट जाते, आणि तीन तास गार पडलेल्या अंड्यांचं खापर मग गडगडाटावर फुटतं, त्यामुळे त्यांचं निरीक्षण अगदीच टाकाऊ नाही. लाइट गेली तर झाकण उघडू नका, खोक्यावर जाड गोधडी टाका पण भोकं मोकळी ठेवा, जास्त वेळ जाणार असं दिसलं तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून आत सरकवा, अंड्यांना न टेकवता. खुडूक कोंबडी पण रोज दाणापाण्यासाठी उठतेच ना, अंडी थोडा वेळ गार पडल्याने काही बिघडत नाही. लाइट आल्यावर भरपाई म्हणून टेम्परेचर वाढवायचं मात्र नाही. जुन्या काळी इजिप्तमध्ये मोठ्या भट्ट्यांमधून हजारो अंडी उबवायचे, थर्मामीटर नव्हता तेव्हा, अंडं डोळ्याच्या पापणीला लावून ऊब ओळखायचे म्हणे. आपल्याकडे निदान थर्मामीटर आहे, फक्त तो योग्य जागी टांगला पाहिजे.

तुमची तीन पिल्लं जगली असतील तर त्यांना पहिला आठवडा 35 डिग्री, मग दर आठवड्याला साधारण 3 डिग्री कमी. आकड्यापेक्षा पिल्लांकडे बघा, दिव्याखाली एकमेकांवर चढून बसली तर गार लागतंय, कडेला पळून चोच उघडी ठेवून धापा टाकत असली तर गरम होतंय. खाली गुळगुळीत कागद नको, पाय फाकतात आणि मग ते पाय सरळ होता होत नाहीत, खरखरीत कापड अंथरा. पाण्याचं भांडं उथळ आणि त्यात गोट्या किंवा खडे, नाहीतर बुडतात. चिकट निघालेल्या पिल्लांची बेंबी बघा, ओली किंवा उघडी असेल तर ती लवकर संसर्ग धरते, अशांना कोरडं आणि वेगळं ठेवा आणि जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा, मानमोडीच्या (कोंबड्यांच्या राणीखेत रोगाच्या) लसीचं पण तेव्हाच विचारून घ्या. पिल्लांना हात लावला की हात साबणाने धुवायचे, घरात लहान मुलं असतील तर त्यांचे पण.

राहिला नर-मादीचा प्रश्न. टोकदार अंड्यातून कोंबडा आणि गोल अंड्यातून कोंबडी, हे सगळीकडे ऐकायला मिळतं आणि ते खरं नाही. पक्ष्यांमध्ये नर की मादी हे आईकडून ठरतं, अंडं घातलं जाण्याच्या आधीच ते ठरलेलं असतं, मग अंड्याचा आकार बघा नाहीतर टेम्परेचर बदला, काही फरक पडत नाही. काही जातींच्या संकरात पहिल्याच दिवशी पिसांच्या रंगावरून ओळखता येतं पण जमवलेल्या मिश्र अंड्यांत ते चालणार नाही, तिथे तुरा आणि शेपटीची पिसं नीट दिसेपर्यंत, म्हणजे काही आठवडे वाट बघावी लागते. हिशोब निम्मे-निम्म्याचाच धरायचा. 12 अंड्यांतून 9 पिल्लं निघाली तर चार-पाच कोंबडे गृहीत धरा, कधी सहा पण येतात, आणि एका खुराड्यात एवढे कोंबडे मोठे झाले की रोज मारामाऱ्या आणि पहाटे चारपासून आरवणं. त्यांचं काय करायचं ते अंडी लावायच्या आधी घरात बोलून घ्या, आणि शेजाऱ्यांच्या पण कानावर घालून ठेवा.